रुमलीचं कडं

पौष वद्य पंचमी, देवास

आज नातसुनेचं डोहाळजेवण झालं. पुरणपोळीवर तूप मीच ओतत होते. "आजी, पुरे!" म्हणाली, तर म्हटलं, "खा गं, दोन जिवांची आहेस."

तेवढ्यात रुमली भिलीण मोळी घेऊन मागल्या दारी आली. तिलाही सातवाच. मोळीला धरलेल्या हातातलं कडं घसरून कोपरापाशी अडकलेलं. दसऱ्याला तेच कडं मनगटात रुतत होतं.

"काय गं, काडी झालीस! घरात दाणा नाही?"

"मक्का घणी है, माँजी. पण तमनेच तो कह्यो थो, कम खाजे, नी तो बाळक मोटो हुई ने अटकी जायगो."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले होते खरं, कमी खा, नाहीतर मूल मोठं होऊन अडकेल. दसऱ्याला तिनं उरलेली भाकर मागितली. मला ती म्हशीला घालायची होती, म्हणून शहाणपणा सांगून वाटेला लावली. एवढा खरा होता, तर नातसुनेला का नाही सांगितला? ही वेडी तो पाळत बसली. घरात मका असून!

आज भरली पत्रावळ पुढे केली, तर अर्धी पोळी खाऊन उठली. ते कडं डोळ्यांपुढून हलत नाही. एरवी जीभ गावभर चालते माझी, आज चार बायकांत "मी खोटं बोलले" एवढं निघालं नाही.

उद्या ती येईल. नातसुनेसमोरच सांगायचं. पत्रावळ त्यानंतर.