मेजवानी झाली, आता मेंढ्या पाहिजेत

साराबुलाक,
एप्रिलचा शेवटचा रविवार

ती. सेइतकमाल मामांना भाची झाउरेशचा वाकून सलाम.

मेंढरं बरी आहेत ना? घोड्या बऱ्या? कोकरं दूध ओढतायत ना? (आधी जनावरांची चौकशी केली की माणसांची वेगळी करावी लागत नाही, असं आई म्हणायची. तरी विचारते, तुम्ही दोघं कसे आहात?) मामींना सांगा, त्यांनी पाठवलेलं वाळवलेल्या दह्याचं कुर्त फार खारट झालं होतं, पण तुमच्या जावयाने ते बोटं चाटत संपवलं. आम्ही इकडे ठीक. म्हणजे तब्येतीने ठीक. बाकी जे काही झालंय ते सांगायलाच बसलेय, तेव्हा चहा घेऊन बसा.

तुमच्या कानावर आलंच असेल की झाउरेश या वयात अल्माटीच्या विद्यापीठात पीएचडीला लागली. तुमच्या खोऱ्यात पोचेपर्यंत तर मी विद्यापीठाची मुख्यच झाले असेन, कारण आपल्याकडे बातमी वाटेत चार घरी जेवून पुढे जाते आणि दर घरी तिचं वजन वाढतं. मामा, मला अजून प्रवेश मिळालेला नाही. मी नुसता अर्ज केला होता. अर्ज पोचल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा फोन सासूबाईंच्या हातात होता. त्यांना विद्यापीठाचं चिन्ह दिसलं, चष्मा सापडेना, आणि चांगली बातमी आधी सांगणाऱ्याला नजराणा मिळतो हे त्यांना चष्म्याशिवायही लख्ख दिसतं! मी ऑफिसातून घरी येईपर्यंत त्यांनी गल्लीभर फिरून एक शाल, मुरांब्याची बरणी आणि एक जिवंत कोंबडी वसूल केली होती. मी म्हटलं, आई, अहो हे सगळं परत करा. त्या म्हणाल्या, "नजराणा परत केला तर अपशकुन होतो. त्यापेक्षा तू प्रवेश मिळव." बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. पुढच्याच शनिवारी मेजवानी झाली, दोन मेंढ्या कापल्या, माझ्या अंगावर जरीचा लांब चपान घातला आणि म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिले. मी आपली हसतेय. दुसरं काय करणार?

आमच्या साहेबांची गंमत वेगळीच. तुरसिनबेकोव साहेब आमच्या तालुका आरोग्य कार्यालयाचे मुख्य. नोकरी करून शिकायचं तर साहेबांचं शिफारसपत्र हवं आणि दर शुक्रवारी सुटी हवी. साहेबांनी जन्मात शिफारसपत्र लिहिलेलं नाही, आशीर्वाद मात्र रोज देतात. मग जे येतं तेच लिहिलं. झाउरेश चांगल्या घरची आहे, सात पिढ्यांची नावं न अडखळता सांगते, तिच्या घरचा रस्सा कधी पातळ नसतो, तिच्या अंगणात घोड्या बांधायला जागा न उरो. विद्यापीठाने कळवलं की उमेदवाराच्या संशोधनाच्या क्षमतेबद्दल काही लिहावं. साहेबांनी खाली एक ओळ वाढवली: "तीसुद्धा आहे." शुक्रवारच्या सुटीला मात्र ते ठाम नाही म्हणाले. शुक्रवारी साथ आली तर? मी म्हटलं, साहेब, वीस वर्षांत साथ कधी वार बघून आलीय का? तर म्हणे, म्हणूनच. शेवटी मेजवानीत सासूबाईंनी मेंढीचं मुंडकं थेट साहेबांसमोर ठेवलं. एवढा मान घेतल्यावर नाही कसं म्हणणार? साहेबांनी रीतीप्रमाणे मुंडक्याचे कान कापून पोरांना वाटले आणि तेलकट हातांनीच ना-हरकतीवर सही केली. (कागदावर अंगठ्याचा डाग आहे. विद्यापीठाला वाटलं असेल की आमच्याकडे अजून अंगठेच घेतात.)

मग मुलाखत. ती फोनवर, चेहरे दाखवून. आमच्या कार्यालयात इंटरनेट नीट चालतं ते फक्त लसींच्या थंड खोलीत, त्यामुळे मी लसींच्या खोक्यावर बसून, कोट चढवून, दात कुडकुडवत बोलत होते. समोरच्या प्रोफेसर बाईंना वाटलं मी घाबरलेय. "घाबरू नका हो," असं त्यांनी तीनदा सांगितलं. माझा विषय तुम्हाला माहीत आहे, मेंढ्यांपासून माणसाला लागणारा ताप. मेंढ्या व्यायच्या दिवसांत लागतो, रात्री घाम फुटतो आणि मग सांधे धरतात, माणूस कामातून जातो. बाई म्हणाल्या, विषय फार चांगला आहे, पण मालकांनी मेंढ्यांचं रक्त घेऊ दिलं नाही तर? आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "मला? आमच्या भागात मला कुणी नाही म्हणत नाही!"

चार दिवसांनी पत्र आलं. जागा तुमची, पण येत्या शुक्रवारपर्यंत एका तरी कळपाच्या मालकाची संमती आणि पहिले नमुने दाखवा. नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला.

मग निघाले दारोदार. आपल्याकडे उपाशी पोटी कुणी कुणाला नकार देत नाही, हे माझ्या चांगलंच लक्षात आलं. चहा, तळलेले बाउरसाक, लोणी, मग मटण, मग पुन्हा चहा, आणि मी कोटाची बटणं सोडून बसले की मग नकार. बेर्दिगुल म्हातारा हाडातला मगज काढून माझ्या ताटात घालत म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हात दाखवून अवलक्षण कशाला? आज कळप सुखात आहे."

मी म्हटलं, "आजोबा, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"तुमचं तांबडं फुटेल हो, पण माझ्या मेंढ्या कापून नेतील त्याचं काय? मग काय तुमची पुस्तकं चरायला सोडू?"

त्याचं खोटं नाही. रक्तात दोष निघाला की सरकारी हुकमाने मेंढी जाते, भरपाई सरकारच्या सवडीने येते, आणि गावात बोभाटा होऊन त्या घरचं घोडीच्या दुधाचं कुमिससुद्धा कुणी पीत नाही. म्हणून मला कुणाचा राग येत नाही. राग येतो तो स्वतःचाच. वीस वर्षं मी दर वसंतात तीच माणसं बघतेय. लोकर कातरणारे धट्टेकट्टे गडी कठडा धरून आमचा जिना चढतात, पोटुशा सुना मूल गमावून येतात आणि सासवा म्हणतात नजर लागली. मी आकडे वर पाठवते आणि वरून नवा तक्ता भरायला येतो. मला नावापुढे डॉक्टर नको आहे मामा, लोक आत्ताच म्हणतात. मला हे एकदा धड शोधून काढायचंय, आणि वर असं मांडायचंय की भरपाई आधी येईल आणि मेंढी नंतर जाईल. हे मला फार हवंय. असं मोठ्याने मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

असो. फार लांबलं. मामींना सलाम, जनावरांना माया.

तुमची भाची,
झाउरेश

ता. क. आईच्या माहेराकडे भाचरांना तीनदा मागायचा हक्क असतो आणि तिन्ही वेळा मामाला नाही म्हणता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. पहिल्यांदा मी शिंगरू मागितलं, तुम्ही दिलंत. दुसऱ्यांदा तुम्हाला मुळीच न आवडणाऱ्या मुलाशी लग्नाला तुमचा होकार मागितला, तोही दिलात (आता तोच तुमचा लाडका जावई). तिसरं मागणं मी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. मामा, मला तुमचा कळप द्या. न्यायला नको, नुसता सुईपुरता. तोंडावर मागायची हिंमत झाली नाही, म्हणून एवढं मोठं पत्र.

ता. क. २. मेंढ्या गेल्या तर मी तुमच्या शेजारी बसून रडेन. भरपाईसाठी साहेबांच्या दारात बसेन, ते आशीर्वाद द्यायला लागले तरी उठणार नाही.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेला उंच माणूस टपालवाला नाही, आमचा पशुवैद्य आहे. त्याच्यासोबतची मुलगी आमची परिचारिका. ती मेंढ्यांसाठी आलेली नाही. मामींचा फोन आला होता. मेंढ्या व्यायला लागल्यापासून तुम्हाला रात्री घाम येतो, रोज सदरा बदलावा लागतो आणि तुम्ही वारा लागला म्हणता, असं त्या रडत सांगत होत्या. शुक्रवार गेला चुलीत! जागा पुढच्या वर्षी मिळेल, मेंढ्याही मिळतील. दुसरा मामा मी कुठून आणू? तेव्हा आधी तिच्यासमोर मुकाट्याने बाही वर करा, कळपाचं मग बघू.