फळी उचलणारा हात

प्रिय पास्कू सर,

हे पत्र तुम्हाला आहे, पण वाचणार आहे तुमच्या विद्यार्थ्यांसमोर. 'इंग्रजी जमत नाही, म्हणजे चिप जमणार नाही' असं ज्यांना आमच्या कॉलेजने तोंडावर सांगितलं, त्या सगळ्यांसमोर. काल चर्चमध्ये तुम्ही गेल्यानंतरची सातव्या दिवसाची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली आणि तुमच्या पत्नीने, रोझीबाईंनी, चिपचे धडे आपल्या भाषेत लिहिलेली तुमची वही माझ्या हातात ठेवली. "तुमीच नाकारलात ना ही? आता सांभाळा!"

काय वही आहे, सर! डोपिंग म्हणजे पेजेत मिठाचा खडा. शुद्ध सिलिकॉनमध्ये दुसरं काही चिमूटभर घातलं की त्याचा गुणच बदलतो. वाचून हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

आठवतं? ट्रान्झिस्टर कुणाला कळेना, तेव्हा तुम्ही सगळा वर्ग धामापूरच्या तळ्याखाली, भाताला पाणी नेणाऱ्या पाटावर उभा केलात. मीही मागून आलो होतो.

"पाणी खंयसून येता? तो सोर्स. खंय जाता? तो ड्रेन. मधली फळी, तो गेट."

वर्गातल्या सुलभाने विचारलं, "आणि फळी उचलणारो हात, सर?"

"तो व्होल्टेज! अर्धो धडो तुयाच शिकयलंस गो!"

नखाएवढ्या चिपमध्ये असे असंख्य पाट असतात म्हणालात, तेव्हा ती किती वेळ स्वतःचं नख बघत राहिली!

परीक्षेत तिने तीच फळी काढली, खाली मराठीत बरोबर उत्तर लिहिलं. शून्य! मराठीतलं उत्तर ग्राह्य धरा, असं सांगायला तो पेपर आणि ही वही घेऊन तुम्ही कॉलेजच्या समितीसमोर आलात. "मळ्यातली भाषा कारखान्यात चालत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि समितीने दोन्ही नाकारलं.

मायबोलीवर गावोगाव भाषणांत गरजणारा मी समितीचा सदस्य म्हणून तिथेच बसलो होतो. चहात बिस्किट बुडवत. का गप्प राहिलो? नव्या सेमीकंडक्टर कोर्सच्या उद्घाटनाचं भाषण मला हवं होतं. मिळालंही!

उद्घाटनानंतर बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "भाषण बरां केलंस हां, रे." त्यापेक्षा थोबाडीत मारायची होती, सर! एवढी सभ्यता कशाला दाखवलीत? सुलभा त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याला काजू सोलायला लागली.

काल तिला फोन केला, वर्गाला शिकवायला बोलावलं. "माका शून्य गावलां आसा," ती म्हणाली. "म्हणूनच ये," म्हटलं.

ही वही मी पुन्हा कुठल्या समितीपुढे जाऊ देणार नाही, सर. शब्द देतो.

मुलांनो, सोमवारी पहिल्या तासाला वर्गात बसू नका. धामापूरच्या पाटावर या. फळी सुलभा उचलेल. वही मी धरीन.

त्या दिवशी तुमच्यासाठी न उठलेला,
विश्राम