परतीचं आवतण

हिंगणघाट
ता. १७ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिले आजीचे पोटभर आशीर्वाद. मी खुशाल हाये, तुझी खुशाली कळवत राह्यजो. फोनवर तू बोलली का मी नुसती हो हो करतो, ऐकू काही येत नाई. कागदावर तुझा आवाज साफ येते, म्हणून पत्रच बरं.

रविवारी वाचनालयाच्या हॉलात तुम्हा मास्तर लोकायचा कार्यक्रम पाहून माझा आनंद अजून मावळला नाई. पहिले मले वाटलं, ढोलक नाई, पेटी नाई, गाणारं कोणी नाई, हे करतील काय. शेजारची कौशल्याबाई माझ्या बाजूले बसली होती. ती आधी पेंगली, मग पदरानं डोळे पुसू लागली. काऊन रडते म्हटलं तं म्हणे, मलेच माहीत नाई. तुझे चंदन सर वाजवता वाजवता असे डोळे मिटत होते का आता पडतील खुर्चीवरून. आणि प्रभाकरराव, ते मोठं वाजंत्र मांडीत धरून, जसं हट्टी वासरू दाबून धरावं. हसली मी, पण मनातल्या मनात हो.

पण चौघात मले सगळ्यात आवडले ते राखाडी कोटवाले बाबाजी. तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते ते. त्यायच्या वाजंत्राचा आवाज वर येत नव्हता, तुमच्या सगळ्यायच्या खालून चालत होता, भिंतीच्या खालून पाणी जाते तसा. हनुवटीखाली डाव्या बाजूले काळा डाग पडला हाये बिचाऱ्याले. बैलाच्या मानेवर जू घासून पडते ना, तसा. म्हटलं यानं जन्मभर हेच काम केलं असंल.

आता खरी गोष्ट सांगतो. मंगळवारी तुझ्या आजोबायचं, आपल्या अण्णाजीचं, पितर होतं. आपल्याकडं बाहेरचा एक जुना माणूस पितर म्हणून बसवतात, त्याच्या तोंडून आपला माणूस जेवते. दरवर्षी शेजारचे बुढे यायचे, ते यंदा लेकाकडं गेले. अण्णाजीच्या वयाचा माणूस आणू कुठून, याच काळजीत मी अक्षता पदराच्या गाठीत घेऊन फिरत होती. तुम्ही लोक फोटो काढून राह्यले होते तवा बाबाजी एकटेच जिन्यापाशी उभे दिसले. गेली आणि त्यायच्या हातावर अक्षता ठेवून आवतण दिलं. हात भल्ला थंड. अक्षतेकडं ते किती वेळ पाहत राह्यले. मग मान हलवली.

आणि आले बरं का बाप्पा! मंगळवारी दुपारी वेळेवर आले. खीर, उडदाचे वडे, कढी, कोहळ्याची भाजी, सगळं वाढलं. जेवले पोटभर, पण ताट काही कमी होताना दिसेना. मोतीबिंदू काढला तरी डोळे असेच. मागाहून ताटातलं मी खाल्लं तं खिरीले गोडीच नव्हती. साखर टाकाले विसरली असंन.

तुमच्या बाबाजीले माझा नमस्कार सांगजो आणि त्यायचं नाव कळवजो. नाव विचारायचंच राह्यलं. माया हाये ती अशीच वाढू दे.

तुझी आजी
नलू

नागपूर
ता. २२ सप्टेंबर २०२५

ती. आजीस अपेक्षाचा वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चंदन सरांना वाचायला दिलं. त्यांनी ते घडी करून परत केलं.

आजी, आम्ही तिघंच होतो. तुला आधी सांगायला हवं होतं, पण कार्यक्रम चांगला होऊ दे, दुःखाचं नंतर बोलू, असं वाटलं. आमच्यात चौथे होते सदाशिवराव. व्हायोला वाजवायचे, म्हणजे माझ्याच व्हायोलिनचा थोडा मोठा, जाड आवाजाचा भाऊ. उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या जागी दुसरं कोणी बसवायचं मन होईना. म्हणून आम्ही ठरवलं की चौघांसाठी लिहिलेली रचना तशीच वाजवायची, त्यांच्या वाट्याचे सूर रिकामे सोडायचे आणि खुर्ची मांडून ठेवायची. तीच तू पाहिलीस. फोटोत ती रिकामी आहे.

राखाडी कोट त्यांचा होता. हनुवटीखालचा डागही. वाद्य तिथे टेकून तो पडतो, माझ्याही मानेवर आता उमटायला लागला आहे.

तू घाबरशील म्हणून हे लिहू नये असं वाटत होतं. पण खरं सांगते, दुसऱ्या भागात चंदन सर चुकले ना, तेव्हा त्यांना खालून व्हायोला ऐकू आला होता. मला तो संपूर्ण वेळ ऐकू येत होता. मी समजत होते की आठवणीतून येतोय.

आजी, पितर झालं, जेवण झालं, आता पुरे. ते पुन्हा आले तर दार उघडू नकोस. कौशल्याबाईंना रोज दुपारी तुझ्याकडे येऊन बसायला सांग. माझ्यासाठी एवढं कर.

तुझ्या मायेची भुकेली,
अपेक्षा

हिंगणघाट
ता. २७ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा हिले आजीचे लाखभर आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. घाबरू नको, मी काही घाबरली नाई. मेलेल्या माणसाले आवतण देणारी मी पहिलीच असंन, हे वाचून मले हसूच फुटलं. पितर म्हणून पितरच बसवला! अण्णाजी असते तं महिनाभर मले चिडवत राह्यले असते.

दार उघडू नको म्हणते, पण आपल्या ओसरीले दार कुठं हाये? सदाशिवराव येऊन बसतात. रोज नाई, मधून मधून, दुपारची भांडी झाली का. कोणाले त्रास नाई. आपलं वाजंत्र हनुवटीखाली धरून वाजवतात. पण पोरी, एक सांगतो, ते फक्त आपल्या वाट्याचंच वाजवतात. दोन सूर काढतात आणि थांबतात. मान तिरपी करून वाट पाहतात. मग पुन्हा वाजवतात. त्या मधल्या जागा तुम्हा तिघायच्या हायेत, हे मले तुझं पत्र आल्यावर समजलं. तुम्ही तिकडं त्याची जागा सोडता, तो इकडं तुमची सोडून बसते. जीव तुटते माझा.

कौशल्याबाईले बोलावलं होतं. ती बसली घटकाभर, मग म्हणे नलूबाई, तुम्ही कोणाशी बोलून राह्यल्या? म्हटलं पाहुण्याशी. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकातूनच बोलते. वाटीभर साखर मागाची तरी फाटकातून. तब्येत बरी नाई का म्हणून मीच तिले काढा नेऊन दिला.

आता ज्यासाठी पत्र लिहून राह्यली ते ऐक. काल सदाशिवरावानं परतीचं आवतण दिलं. ज्याच्या घरी जेवलं त्याले आपल्याकडं बोलवा लागते, माणूस रीतीचा हाये. माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. ओल्या होत्या, आणि वणा नदीच्या थंडीतल्या वाळूसारख्या गार. मुठीत धरल्या तरी ऊब येईना. म्हणाले, आमच्याकडं या, अण्णाजी तिथंच असतात, रोज ऐकतात, पण कोणी ओळखीचं बाजूले नाई म्हणून उठून उठून जातात.

तवापासून माझं चित्त थाऱ्यावर नाई. अण्णाजीले गाण्याचा कंटाळा होता, मी सोबत असली तरच बसाचे. मी विचार करून राह्यली का जांभळं लुगडं नेसू का मोरपंखी. तू सांगजो. कधी जायचं ते त्यायनं माझ्यावर सोडलं हाये.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, जीव लावणारी
आजी

नागपूर
ता. ४ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस अपेक्षाचा नमस्कार, पायांवर डोकं ठेवून.

कुठलंच लुगडं नेसू नकोस. आजी, ते कुठे बोलावत आहेत हे तुला कळतंय. कळूनच तू मोरपंखी काढते आहेस, याची मला जास्त भीती वाटते. आईनंतर मला तूच आहेस. आजोबांना उठून उठून जाऊ दे, मला तू इथे हवी आहेस.

कौशल्याबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, आजी दुपारी चहाचे दोन कप घेऊन बसते, दुसरा गार झाला की झाडाला ओतते, आणि ते झाड वाळत चाललं आहे.

आम्ही तिघं काल बसलो. प्रभाकरराव म्हणाले, चूक आपली आहे. आपण जागा मांडून ठेवतो, सूर सोडून ठेवतो, म्हणजे दर वेळी त्यांना हाकच मारतो. बोलावलेला माणूस येणारच. म्हणून आम्ही वाजवणं थांबवलं आहे. वर्ध्याचा कार्यक्रम रद्द केला. ती खुर्ची परत वर्गात गेली. मी व्हायोलिन पेटीत बंद करून कपाटावर ठेवलं आहे आणि प्राचार्यांना सांगितलं आहे की यापुढे मी फक्त फळ्यापुढे उभी राहून शिकवीन. हाकच मारली नाही तर ते येणार नाहीत.

वाईट वाटून घेऊ नकोस. वाजवणं गेलं तर गेलं, तुझ्यापुढे ते काहीच नाही. परीक्षा चालू आहेत, त्या संपल्या की रविवारी, १२ तारखेला, तुला न्यायला येते. तोवर त्यांना हो म्हणू नकोस. आवतणाला नकार दे, माझं नाव सांगून दे.

तुझ्या लोभावर जगणारी,
अपेक्षा

हिंगणघाट
ता. ८ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षा हिले आजीचे आशीर्वाद, जेवढे असतील तेवढे सारे.

तुझं पत्र उशिरा पोचलं. त्याच्या आधीच माझं सदाशिवरावाशी बोलणं होऊन गेलतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले, मी त्यायले सोनं दिलं, आणि त्यायनं आवतणाचं विचारलं. पोरी, हातावर अक्षता घेतल्यावर नाई म्हणता येत नाई. रीतीत नाई हा शब्दच नाई. फक्त कधी येतो तेवढं सांगता येते.

मी लुगडं काढलं होतं, खरं सांगतो. पण घडी मोडली आणि तूच आठवली. लहानपणी तू या ओसरीवर कर्कश कर्कश वाजवाची, कुत्रे उठून जायचे. आणि त्या दिवशी हॉलात तू मान कलती करून बसली तं मले ओळखूच आली नाई, इतकी मोठी वाजवणारी. एकदाच ऐकलं मी तुले तसं. एकदा ऐकून कोण समाधान पावते? म्हटलं अण्णाजीनं एवढे वर्ष वाट पाह्यली, आणखी पाहील.

म्हणून मी सदाशिवरावाले सांगितलं का माझ्या अपेक्षाचं वाजवणं संपलं का येतो. त्यायनं विचारलं, पक्कं? मी म्हटलं पक्कं. मले वाटलं केवढी हुशारी केली मी. तू तं म्हातारी होईपर्यंत वाजवशील, तवापर्यंत मी इथंच. ते पण खुश झाले. मास्तर माणूस, सोबतच्या पोरीचं वाजवणं लांबावं असंच त्याले वाटणार.

आणि काल तुझं पत्र आलं का तू वाजवणंच बंद केलं.

ते पत्र मी ओसरीवर बसून वाचलं. मोठ्यानं वाचाची माझी सवय तुले माहीत हाये, अक्षर अक्षर लावल्याशिवाय मले समजत नाई. वाचून मान वर केली तं सदाशिवराव उठून उभे होते. वाजंत्र काखेत. कोटाची बटणं लावून राह्यले होते. म्हणाले, चला. तवापासून माझे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले, रात्री दोन गोधड्या घेतल्या तरी गार.

मी त्यायच्याशी भांडली. म्हटलं पोरीनं माझ्यापायीच बंद केलं, तिले वायदा माहीत नव्हता, तिले कळू द्या. माहीत नसताना केलेलं धरत नाई आमच्यात. त्यायनं कोटाचं एक बटण सोडलं. मग बसले. म्हणाले, पत्र पोचेपर्यंत थांबतो. हे लिहून राह्यली तं समोरच बसले हायेत, पोस्टमन कधी येते म्हणून रस्त्याकडं पाहत. एका बटणावर हात हाये.

रविवारी येजो, पण रविवारची वाट पाहू नको. चंदन सर, प्रभाकरराव यायले बोलाव. खुर्ची मांडायची का नाई ते तुम्ही पहा, माझ्यासाठी मांडली तरी चालते, न मांडली तरी चालते. पेटी कपाटावरून काढ. आणि पोरी, मग थांबू नको. कंटाळा आला तरी, लेकरंबाळं झाली तरी, हात दुखला तरी रोज थोडं वाजवजो.

या पत्राले उत्तर लिहाची गरज नाई. तू वाजवलं का नाई, ते सदाशिवरावाले इथं बसल्या बसल्या ऐकू येते.

तुझी, अजून तरी इथलीच
आजी नलू