आई वकील होणार नाही

कळंब,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. भैरवीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर आपलं भाजी काय केली अन् पुण्यात थंडी पडली का, एवढंच बोलणं होतं. हे त्यात मावणार नाही म्हणून कागद घेतला. मी लॉ कॉलेज सोडते आहे. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देणार नाही. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

तुझ्या बाबांची वकिली मी पुढे चालवीन, असं दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तेरवीला सगळ्यांसमोर म्हटलं होतं. विसरले नाही. पण गेल्या महिन्यात कॉलेजचं कायदा शिबिर तांड्यावर होतं. निंबाखाली टेबलं मांडली होती. सत्तेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी पाहून बाया माझ्याकडेच आल्या. त्यांतल्या मोतीबाईला विचारलं, वाद कोणाशी आहे? ती म्हणे, भांडन नाही व बाई माह्यं कोनाशी. बकऱ्या इकल्या, नातीले शिकवाचं हाय, तवरिक पैसा ठेवाव कुठी, थे सांग.

मी सांगत बसले. ठेव म्हणजे काय, फंड म्हणजे काय, कशात जोखीम किती. माझं लग्नात हरवलेलं बी.कॉम. कुठून कुठून गोळा होऊन आलं. कॉलेजची गाडी हॉर्न वाजवून थकली तरी आमचं संपेना. परतताना कापसाचे पुंजके हवेत तरंगत होते, अन् मी नुसती पुढच्या वर्षांचा विचार करत होते. पुढचा, भैरवी. किती दिवसांनी.

यवतमाळला दीपमाला नावाची एक मुलगी गुंतवणुकीचा सल्ला देणारं छोटं ऑफिस चालवते. म्युच्युअल फंडाची परीक्षा पास झालात तर जानेवारीपासून या, म्हणाली. मी हो म्हणून आले.

रागावशील. रागावल्यावरही माया तेवढीच राहू दे.

तुझी आई,
शीला


पुणे,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खाली बसूनच वाचलं, तरी उपयोग झाला नाही. दीडच वर्ष राहिलं होतं गं. डिग्री घे, मग हवं ते कर, एवढं तरी म्हणू दे. डाळीच्या डब्यात नोटा लपवणारी तू लोकांना गुंतवणूक शिकवणार, हे ऐकून हसू आलं आणि मग रडूच आलं.

घनश्यामकाका बाबांचे मुन्शी, बाबा गेले तरी रोज ऑफिस उघडून झाडतात. ताई पास झाल्या की पुन्हा पक्षकार येतील, असं मला दिवाळीत म्हणाले. त्यांना काय सांगणार? आणि मलाही एक सांगायचं आहे. सुट्टीत येते तेव्हा रस्त्यावरून बाबांची पाटी दिसते, आणि मिनिटभर वाटतं की ते आत आहेत, पक्षकार बोलतोय, चहा आत चाललाय. तेवढं मिनिट मला हवं असतं. तू वकील झालीस तर ते राहिलं असतं.

जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल. तब्येतीला जप.

तुझी,
भैरवी


कळंब,
२ डिसेंबर २०२४

चि. भैरवीस,
अ. उ. आ. वि. वि.

जास्त काहीच लिहिलं नाहीस. मीच कमी सांगितलं होतं.

मी कॉलेजात गेले ती वकील व्हायला नाही. तुझे बाबा संध्याकाळी ओट्याशी उभे राहून दिवसभराच्या केसेस सांगायचे, मी पोळ्या लाटत ऐकायची. ते गेले अन् घर मुकं झालं. पहिल्याच तासाला सर 'प्रतिवादी' म्हणाले, अन् मला तेच बोलल्यासारखे वाटले. वर्षभर मी वर्गात डोळे मिटून बसायची. मिटले की आपलं स्वयंपाकघर, तव्याचा वास अन् त्यांचा आवाज. पोरी समजत, काकू डुलक्या घेतात.

दिवाळीआधी एक दिवस डोळे मिटले तर फक्त सर ऐकू आले. दुसऱ्या दिवशीही सरच. फार भ्यायले. बसमधून उतरून घरी न जाता चिंतामणीच्या देवळात गेले, पायऱ्या उतरून खाली कुंडाशी बसले. तिथल्या गारव्यात, पाण्याकडे पाहता पाहता वाटलं, गेलेल्या माणसाला तरी आपण किती बोलायला लावायचं? दमले असतील.

त्यानंतर आठवड्यानं मोतीबाई भेटली.

घनश्यामभाऊंना मी सांगितलं. त्यांनी तुझ्या बाबांचं टेबल पुन्हा एकदा पुसलं. मग म्हणाले, गौरी नावाची नवी वकीलबाई जागा शोधून राह्यली, बोलू का? मी म्हटलं, भैरवीला विचारते. ऑफिस तुझंही आहे. तू नाही म्हटलंस तर नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आई


पुणे,
९ डिसेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गौरीला जागा दे. पाटी मी नसताना उतरवा. मला पाहायचं नाही, आणि का असं विचारू नकोस.

पोळ्या लाटतानाचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी आतल्या खोलीत अभ्यास करायची आणि वाटायचं, बाबांची बडबड आईला नकोशी होत असेल.

परीक्षेला पेन दोन ने म्हणणार होते. पण आता ती संगणकावर असते, तेव्हा चष्मा तेवढा विसरू नकोस. पास झालीस की पहिला ग्राहक मी. फी घेशील का गं मॅडम?

आशीर्वादाची हक्कदार,
भैरवी


कळंब,
८ जानेवारी २०२५

चि. भैरवीस,
अ. उ. आ. वि. वि.

काल कामाचा पहिला दिवस झाला. दीपमाला सगळ्यांसमोर काकू म्हणते, ते मोडावं लागेल. फी घेईन, तुझ्याकडून दुप्पट.

यवतमाळहून येताना पुढे वर्ध्याला जाणारी गाडी मिळाली, खिडकीची जागा. ऊन कलतं होतं. कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा कळंब केव्हाच निघून गेलं होतं. पुढच्या फाट्यावर उतरवून दिलं. दोन्हीकडे कापूस वेचलेली पऱ्हाटी, वर पातळ धुकं, अन् मी मध्येच उभी, कुठे आहे ते कळेना. शेतातून एक बाई आली. म्हणे, कुठी जाचं होतं व बाई? मी म्हटलं, कळंबले. ती म्हणे, थे तं मांगं राह्यलं.

मला इतकं हसू आलं की तीही हसायला लागली. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच दगडावर बसलो.

तुझे बाबा गेल्यापासून, भैरवी, मी अशी झोपलेच नव्हते.

तुझी,
आई