विहाराचा स्लॅब

बाबा, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. आपल्या गावच्या विहाराच्या स्लॅबचं काम माझ्या हातून गेलं, आणि त्याला कारण तू आहेस.

जयंतीला माझं भाषण झालं होतं. आपल्या घामाचं मोल मागायला शिका, असं म्हणालो तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. पुढे त्याच लोकांच्या बैठकीत मी माझा दर सांगितला आणि तो तसा का आहे तेही सांगितलं. मजुरांना हातमोजे आणि गमबूट. बायांना पुरुषांइतकीच मजुरी. स्लॅब टाकला की धानाच्या बांधीला असतात तसे त्यावर सिमेंट-रेतीचे धुरे, म्हणजे छोटे बांध, घालून पाणी भरून ठेवायचं, आणि ते आटू नये म्हणून एक माणूस नेमायचा. दुसरा ठेकेदार सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पाइप फिरवून मोकळा होतो; तसा स्लॅब कच्चा राहतो आणि पुढे गळतो. त्याचा दर कमी असणारच.

समितीचे अध्यक्ष म्हणजे तुझ्याच जोडीने विटा वाहिलेले काका. ते हसून म्हणाले, "काऊन गा, आपल्याच विहाराले एवढा रेट? तुहा बाप असता तं अर्ध्यात करून देला असता."

सगळे हसले. ते खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू चुलीपुढे हात पसरून बसला आहेस. सिमेंटने खाल्लेल्या तुझ्या बोटांना आई जवसाचं तेल लावते आहे आणि विचारते आहे, याही वेळी कायले कमी घेतले. तू म्हणतोस, आपलेच लोक आहेत. सकाळी त्याच बोटांनी तू पुन्हा थापी धरतोस. तू याला माणुसकी म्हणायचास. मी म्हणतो, ही पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून आपल्याला लावलेली सवय आहे. धर्म बदललास बाबा, दर का नाही बदललास?

"त्याच्या हाताची कातडी कोणाच्या रेटमधी होती, काका?" मी विचारलं. काकांनी दुसऱ्या ठेकेदाराचा कागद पुढे ओढला. काम त्यालाच दिलं.

विहार आता उभा आहे. पाऊस होऊन गेला की मी तिथे जातो. वंदनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि मी मान वर करून छताला कुठे ओल आली का ते बघत असतो. अजून आलेली नाही. ती यावी असं मला वाटतं. आपल्याच विहाराचं छत गळावं, असं. हे मी कुठल्याही भाषणात बोलणार नाही. तुला सांगितलं, कारण हा कागद कुठेच जायचा नाही.