बाकी नऊ

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय दादास,
धाकटीचा नमस्कार.

९९४००८९१ ला ९९६७ ने पूर्ण भाग जातो. शिंपीकाकांनी काल दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. "बाकी शून्य गं पोरी. नंबर कुणाचा हा?" मी म्हटलं, "भावाचा."

आम्ही बरे आहोत. जिन्याचा कठडा एकदाचा दुरुस्त झाला. बाबांना उन्हाळ्यापासून दिसत नाही. वर्गात ओरडायचा आवाज मात्र शाबूत आहे.

तू कॅलेंडरवर तुझा हा आठ आकडी फोन नंबर लिहून दार आपटून गेलास, तेव्हा ते म्हणाले, "मी आधी फोन करणार नाही." संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "मूळ संख्या निघाली तर करीन. कशानेही भाग जाता कामा नये." गणिताच्या मास्तरांची माघार अशीच असायची. दोनपासून सुरुवात, वर्गमुळाच्या आतली एकही मूळ संख्या सोडायची नाही, आणि रोज एकच भागाकार. मी हसले होते. त्याला तीन वर्षं चार महिने झाले.

आता भागाकार मी करते आणि वाचून दाखवते. ते मनात आकड्यांच्या बेरजा करून नऊचा ताळा घेतात. आज ९९४९ ने केला. बाकी ४३२. "जुळलं," म्हणाले. मग, "उद्याचा शेवटचा. फोन जरा पुसून ठेव."

दादा, उद्याचा भाजक ९९६७. शून्याऐवजी मी नऊ सांगितलं तरी ताळा जुळतो. नऊची चूक ताळ्याला दिसत नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलंय.

पण तेही कशाला? तुझा नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद पडलाय. मी त्यांना सांगितलं नाही. रोज सकाळी त्या भागाकारासाठी उठायचे रे ते. मी मेलेला नंबर भागत बसले आणि ते बाकी उरली की खूश व्हायचे.

माझी दोन पत्रं परत आली. हे तुझ्या जुन्या छापखान्याच्या पत्त्यावर टाकतेय. तो चालू आहे की नाही, ठाऊक नाही.

शून्य सांगितलं तर ते फोन करणार नाहीत. नऊ सांगितलं तर करतील, आणि पलीकडून ती बाई सांगेल की हा नंबर अस्तित्वात नाही.

उद्या आठला ते कप खाली ठेवतील, मान माझ्याकडे वळवतील आणि विचारतील, "बोल, बाकी किती?"

अजून उत्तर न ठरलेली,
तुझी धाकटी