चांदीवरचा ऑक्सिजन

प्रिय प्रितम,

फोन न करता कागदावर लिहितेय. फोनवर तू मध्येच जाऊ दे म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन, मला माझी सवय माहीत आहे.

प्रयोगशाळा आहे तशीच आहे. तुझ्या टेबलावर आता प्रणाली बसते. नवीन आहे, प्रश्न फार विचारते. परवा तिला आपलं काम समजावत होते. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, प्रत्येकाच्या केंद्रकाला आपली फिरकी. दोन्ही फिरक्या एका दिशेला असल्या तर ऑर्थो, उलट असल्या तर पॅरा. नुसत्या वायूत ऑर्थोचा पॅरा व्हायला महिनेच्या महिने जातात, पण थंडगार धातूवर तो चिकटला की काम लवकर उरकतं. किती लवकर, एवढ्यासाठी आपण दोघांनी तीन वर्षं घातली. चांदीच्या त्या नखाएवढ्या तुकड्यावर तुझ्या मोजणीत काही मिनिटं लागायची, माझ्या मोजणीत काही सेकंद. सरांनी माझे आकडे उचलले, शोधनिबंध माझ्या नावावर छापून आला आणि तू दोन महिन्यांत गाशा गुंडाळून थळला घरी गेलास. अलिबागच्या क्लासात बारावीला फिजिक्स शिकवतोस असं कळलं. छानच शिकवत असशील, पण ऐकून मला बरं वाटलं नाही.

प्रणालीने सहज विचारलं, तुमच्या मोजणीच्या आधी निर्वात चेंबरमध्ये कुठला वायू होता? आधीच्या प्रयोगातला ऑक्सिजन, मी म्हटलं.

मला तुझी आई आठवली. तुमच्या अंगणात जनीकाकी बोंबील वाळत घालत होत्या आणि मी मोठ्या उत्साहाने ताजी मासळी एका धुतलेल्या पाटीत ओतायला निघाले होते. त्यांनी माझा हात धरला. "डोल्यांना न्हाय कलत, पोरी. नाकाला इचार." पाटीला कालचा वास होता. कितीही घाई असो, पाटी हुंगल्याशिवाय त्या भरायच्या नाहीत. तूही तसाच. दाबाचा काटा कितीही खाली असला, चेंबर रिकामं दिसलं तरी आत कुठले वायू उरलेत ते तपासायचास, चांदी तापवून वर चिकटलेलं सगळं उडवायचास, मगच ती थंड करून हायड्रोजन सोडायचास. आईची पाटी हुंगतोय म्हणून मी तुला चिडवायचे.

माझी मोजणी बारा एप्रिलची. चौदाला श्रीवर्धनला आमच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक होती, बाबांनी भाषण माझ्यावर सोपवलं होतं आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी गाठायची होती. काटा खाली दिसला, म्हणून चांदी तापवलीच नाही. ऑक्सिजनचा रेणू चुंबकासारखा वागतो. चांदीवर थोडा जरी उरला, तरी हायड्रोजनची फिरकी झटक्यात उलटवतो. माझे ते सेकंद चांदीचे नव्हतेच. गेल्या आठवड्यात तुझ्या वहीतल्या क्रमाने सगळं पुन्हा केलं. चारही वेळा मिनिटंच आली.

एवढंच असतं तर चूक म्हणून सांगून मोकळी झाले असते. पण सेमिनारमध्ये सरांनी आपल्याला विचारलं होतं, चांदी तापवली होती ना? तू हो म्हणालास. मीही हो म्हणाले, आणि तापवली नव्हती हे मला त्या क्षणी आठवत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. चूक स्वतःचीच असणार असं धरून उठून गेलास. मला त्याची रोज लाज वाटते.

काल सरांना सगळं सांगितलं. निबंध मागे घेतोय. माझी पीएचडी लांबेल, कदाचित होणारही नाही. नवा निबंध तुझ्या मोजणीवर निघेल, पहिलं नाव तुझं, आणि त्यासाठी तुझी सही हवी. ती पोस्टानेही मागता आली असती, पण हे काकींनाही माझ्याच तोंडून कळायला हवं. रविवारी सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून थळला येतेय. चारही मोजण्यांचे कागद सोबत आणीन. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. सगळं स्वतः तपास, मगच सही कर.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
दीक्षा